नर्मदेच्या गाळातले मांसभक्षक: इंदूरहून निघणाऱ्या जीवाश्मशोधकासाठी

जीवाश्म शोधायला निघण्याआधी कुणाच्या तरी घरच्या कुत्र्याचा ओठ उचलून बघा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला धडा हाच देतो. रामबागेत आमच्या शेजारी मोती आहे, म्हातारा आणि गरीब स्वभावाचा. त्याचा गालाकडचा ओठ बोटाने हळूच वर केला की सुळ्यामागे ओळीने तीन लहान उपदाढा दिसतात आणि चौथ्या जागी एकदम मोठी, धारदार, मधे खाच असलेली दाढ. खालच्या जबड्यात सुळ्यामागची पाचवी तशीच मोठी. तोंड मिटताना खालची दाढ वरच्या दाढेच्या आतून घासत जाते, कात्रीची पाती जातात तशी. हाड फोडताना मोती मान वाकडी करतो आणि हाड गालाच्या कोपऱ्यात सरकवतो, ते याच जोडीवर यावं म्हणून.

प्राणिशास्त्रात या जोडीला कार्नेशियल म्हणतात. आम्ही बरोबर फिरणारे तिला कात्रीदाढ म्हणतो. कुत्रा, मांजर, तरस, मुंगूस, अस्वल या साऱ्या गणाची ती खूण. मांजरात दात कमी असल्यामुळे वर आणि खाली दोन्हीकडे ती सुळ्यामागे तिसरी येते. अस्वल सगळंच खातं, म्हणून त्याच्या कात्रीची धार गेली आणि मागच्या दाढा लांबट, चपट्या, बारीक उंचवट्यांच्या झाल्या. तरसाच्या उपदाढा जाड शंकूसारख्या असतात, हाड फोडण्यासाठी घडलेल्या. सुळा सगळ्यांनाच हवाहवासा वाटतो, पण एकटा सुळा फार फसवतो. कात्रीदाढ सहसा फसवत नाही.

आता मुख्य गोष्ट. नामशेष मांसभक्षकाचा अख्खा जबडा मिळेल या आशेने नर्मदेवर गेलात, तर दोन हंगामांत कंटाळाल. त्याने चावलेली हाडं शोधायला गेलात तर बरंच काही दिसू लागेल. आणि हाड कुठल्या थरात होतं हे लिहून ठेवलंत, तरच ते कुणाच्या उपयोगी पडेल. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या तीन वाक्यांभोवतीच आहे.

मांसभक्षक इतके कमी का

एक वाघ जगवायला हरणांचे कळपच्या कळप लागतात. जंगलात जे प्रमाण, तेच गाळात. शंभर हाडं मिळाली तर बहुतेक गाय-म्हशींच्या जातीची, हरणांची, घोड्यांची, हत्तींची असतात. याला जगात एक मोठा अपवाद आहे, लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रिआ इथले डांबराचे डोह. तिथे अडकलेल्या जनावरांच्या ओढीने शिकारी आले आणि स्वतःच रुतले, त्यामुळे एकट्या डायर वुल्फ या नामशेष लांडग्याचे चार हजारांहून जास्त प्राणी सापडले. आपल्याकडे असा सापळा नाही. आपल्याकडे नदी आहे, आणि नदी हाडं फोडते, घासते, विखरून टाकते.

तरी भारताचा वारसा श्रीमंत आहे. गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतून सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा इंडोहायनोडॉन मिळाला. तो आजच्या मांसभक्षकांच्या गणातला नव्हता, त्याचं हायनोडॉन्टांचं कूळच वेगळं आणि आता पूर्ण संपलेलं. त्या कुळात कातरण्याचं काम मागच्या दाढांच्या एकाहून जास्त जोड्या करत. म्हणजे 'मांस कापणारी दाढ कितवी' एवढ्या एका प्रश्नावरून दोन कुळं वेगळी काढता येतात. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत अँफिसायन हा अस्वलासारखा दिसणारा श्वानबंधू, अ‍ॅग्रिओथेरियम हे दांडगं अस्वल, निरनिराळे तरस आणि मेगँटेरिऑन हा खंजीरसुळ्यांचा मार्जार मिळाला. सहारनपूरच्या बागेचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे अभियंते प्रोबी कॉटली यांनी १८३० च्या दशकात तिथे जे काम केलं, त्यासाठी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने १८३७ मध्ये त्यांना वोलॅस्टन पदक दिलं. याच दोघांनी आपल्या नर्मदेतल्या एका अस्वलाला नाव दिलं: उर्सस नामाडिकस. नर्मदेचं नाव धारण करणारं अस्वल! मला तर ते नाव वाचूनच या नादाला लागायची बुद्धी झाली.

आधी खडक बघा

इंदुरात बसून विहिरीच्या मातीत हाडं शोधणाऱ्यांचे मला दरवर्षी फोन येतात. माळव्याचं पठार काळ्या बेसाल्टचं आहे. ही लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे वाहिली, डायनासोर संपले त्या सुमाराला. मोठे मांसभक्षक सस्तन प्राणी त्यानंतर कितीतरी काळाने आले, त्यामुळे त्या खडकात ते असणं शक्यच नाही. धार जिल्ह्यात बाग गावाकडे डायनासोरची अंडी आहेत, पण तो वेगळा विषय.

आपल्याला हवा आहे नर्मदेचा जुना गाळ, म्हणजे प्लाइस्टोसीन काळाचा. हा काळ साधारण २६ लाख वर्षांपूर्वी सुरू होऊन ११,७०० वर्षांपूर्वी संपला, आणि नर्मदेतले जीवाश्म त्याच्या मधल्या आणि शेवटच्या भागातले आहेत. जबलपूरपासून नरसिंहपूर, नर्मदापुरम करत हंडियापर्यंत हा गाळ नदीच्या दोन्ही तटांवर कड्यांसारखा उभा आहे. जबलपूरचे लष्करी डॉक्टर स्पिल्सबरी यांनी १८३० च्या दशकातच इथून हाडं गोळा केली होती. सीहोर जिल्ह्यातल्या हथनोऱ्याला १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला, आणि तेव्हापासून जगाचं लक्ष या गाळावर आहे. हथनोरा आणि त्याच्या आसपास आपण हौशी लोकांनी एक खडाही उचलू नये. बघावं आणि परत यावं.

कड्यासमोर उभं राहिलात की साधारण तीन गोष्टी दिसतील. तळाशी लालसर, चिकट माती. तिच्यावर किंवा तिच्यात दगडगोट्यांचा थर, चुन्याने इतका घट्ट बांधलेला की हातोडी टणकन् उसळते. वर पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे कंकर. मोठी हाडं जास्त करून गोट्यांच्या थरात असतात, पण ती वाहत आलेली, झिजलेली. वरच्या बारीक गाळात हाडं कमी, मात्र त्यांचा पृष्ठभाग शाबूत असतो. दातांच्या खुणा शोधायच्या तर हा पिवळा गाळच सोन्यासारखा.

परवानगी आणि कायदा

यात घाई चालत नाही. नदीकाठचं शेत कुणाचं तरी असतं, घाट मंदिराचा किंवा पंचायतीचा असतो, जंगल वनखात्याचं असतं. आधी सरपंचांना भेटा, शेतमालकाला भेटा, काय करणार ते सांगा. वनखात्याच्या हद्दीत त्यांच्या लेखी परवानगीशिवाय जायचंच नाही. 'नर्मदेचा कंकर तो शंकर' ही तिथल्या माणसाची खरी श्रद्धा आहे. परिक्रमावासी त्याच वाटेने जात असतात. ज्या दगडाला कुणी हळदकुंकू वाहिलं आहे त्याला हात लावू नये, मग त्यात हत्तीची दाढ दिसत असली तरी. लांबून फोटो काढा, विचारा, नमस्कार करा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. वाघ, बिबट्या, अस्वल यांचे दात, नखं किंवा कवटी जवळ बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. काठावर मिळालेला सुळा जीवाश्म आहे की चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या बिबट्याचा, हे तुम्हाला नक्की सांगता येत नसेल तर तो उचलू नका. जागेवरच फोटो काढून वनखात्याला कळवा. आणि बाजारात, मोबाईलवर, ओळखीतून कुणी 'शिवालिकचा जबडा' विकायला आणला तर घेऊ नका. जागा माहीत नसलेला जबडा कितीही सुंदर असला तरी मुका असतो, आणि तुमच्या पैशाने उद्या आणखी एक कडा फोडला जातो.

केव्हा आणि कुठे

पाऊस कडे कापतो, नवी हाडं उघडी पाडतो. म्हणून दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर निघावं आणि फेब्रुवारीपर्यंत फिरून घ्यावं. एप्रिल-मेमध्ये दगड तापतात, डोळे दिपतात आणि पिवळ्या गाळावरचं पिवळं हाड दिसेनासं होतं. इंदूरहून सोयीचं ठाणं म्हणजे नेमावर. कन्नोद, खातेगावमार्गे पहाटे निघालं की सकाळच्या तिरप्या उन्हात सिद्धनाथाच्या देवळापाशी पोहोचता येतं. हे तिरपं ऊन महत्त्वाचं. दुपारच्या उभ्या उन्हात हाडाची कड सावली टाकत नाही.

पाण्याबद्दल कडकपणे सांगतो. नर्मदेवर वरच्या अंगाला धरणं आहेत आणि पाणी ढग नसतानाही चढतं. २००५ च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठच्या धाराजीच्या मेळ्यात धरणातून सुटलेलं पाणी रात्री अचानक चढलं आणि अनेक भाविक वाहून गेले. त्यामुळे पाणी सोडण्याची वेळ स्थानिक केवटांना विचारल्याशिवाय वाळूच्या बेटावर पाय ठेवू नका. पोहोचल्यावर काठावर पाण्याच्या रेषेशी एक काडी रोवा आणि दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे बघा. कड्याच्या पोटात शिरून खणू नका, वरची दरड आवाज न करता येते. एकटे तर कधीच जाऊ नका.

चालायचं कसं

कड्यापासून दोन हातांवर, त्याच्या कडेकडेने, हळू. एका फर्लांगाला मला एक तास लागतो. पहिल्या फेरीत फक्त पायथ्याशी पडलेले तुकडे बघायचे. एखादा हाडाचा तुकडा दिसला की लगेच वर बघायचं: हा कुठून घसरला? परतीच्या फेरीत नजर कड्यावर.

दगड आणि हाड यांतला फरक तुटलेल्या कडेवर दिसतो. हाडाच्या आत स्पंजासारखी बारीक छिद्रं असतात, बाहेरचं कवच घट्ट. जुनं, दगड झालेलं हाड हातात जड लागतं आणि नखाने टिचकी मारली की कपबशीसारखा आवाज येतो. ताजं हाड हलकं, आवाज बोदा. शंका राहिलीच तर बिनमहत्त्वाच्या तुकड्याच्या तुटक्या कडेला तापलेल्या सुईचं टोक लावा. ताज्या हाडाला केस जळाल्याचा वास येतो, दगड झालेल्याला येत नाही. काही जण जीभ लावून बघतात. नदीकाठच्या मातीला जीभ लावू नये.

मांसभक्षकाच्या खुणा पुढच्या क्रमाने शोधा, कारण मिळण्याची शक्यता याच क्रमाने कमी होत जाते.

सगळ्यात आधी चावलेली हाडं. पायाच्या लांब हाडाची टोकं मऊ असतात, तरस आणि कुत्र्यांची जात ती आधी खाते. दोन्ही टोकं नाहीशी झालेलं, मधलीच नळी उरलेलं हाड दिसलं की थांबा. हाताच्या भिंगातून बघा. दाताचा दाब पडतो तिथे वाटीसारखा खळगा होतो आणि खळग्याच्या तळाशी हाडाचं कवच आत चेपलेलं दिसतं. दात घसरला असेल तर लांब चर पडते, तळाशी गोलसर. साळिंदरही हाडं कुरतडतं, पण त्याच्या पटाशीच्या दातांच्या चरी रुंद, सपाट, एकीला एक लागून असतात, पेन्सिल छिलल्यासारख्या. जनावरांच्या पायाखाली घासलं गेलेलं हाड वेगळं, त्यावर बारीक ओरखडे वाटेल त्या दिशांना असतात. शेवटची परीक्षा रंगाची. खळग्याचा रंग बाकी हाडासारखाच असेल तर खूण जुनी. पांढरीफटक असेल तर ती काल कुणाच्या फावड्याने पडली आहे.

मग विष्ठा. तरस हाड खातं, त्यामुळे त्याच्या विष्ठेत चुना आणि फॉस्फेट भरलेलं असतं आणि ती सहज दगड होते. सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराचे, फिकट, एका बाजूला खोलगट, दुसऱ्या बाजूला किंचित टोकदार गोळे. फुटलेल्या गोळ्यात हाडांच्या कपच्या दिसतात. कंकराचे खडेही असेच दिसतात, पण त्यांत कपच्या नसतात.

मग सुटे दात, आणि इथेच बहुतेक जण फसतात. माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी नेमावरच्या वरच्या अंगाला मला एक शंकूसारखा, चकचकीत तपकिरी दात मिळाला. बोटाच्या पेराएवढा. वाघच, अशी माझी खात्री. एका कॉलेजातल्या भूविज्ञानाच्या सरांना दाखवला. त्यांनी तो उलटा केला आणि तळ माझ्यासमोर धरला. तळाशी टोपीसारखी पोकळी होती, मूळ नव्हतंच. मगर. मगरीचा दात आतून पोकळ असतो, खालून नवा येतो आणि जुना गळून पडतो. वाघाच्या सुळ्याला दातापेक्षा लांब, जाड, भरीव मूळ असतं. रानडुकराचा सुळा तिकोनी छेदाचा आणि वाकडा, आयुष्यभर वाढणारा. म्हणून दात मिळाला की टोकाआधी तळ बघा. तो मगरीचा दात मी आजही टेबलावर ठेवतो, नव्यांना दाखवायला.

मोठ्या दातांच्या नादात बारीक दात राहून जातात. मुंगूस, उदमांजर यांचे दात ज्वारीच्या दाण्याएवढे. कड्यातून आधीच ढासळलेल्या पिवळ्या गाळाची एक बादली भरा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि एकाखाली एक दोन चाळण्यांतून धुवा. वर रव्याची, खाली मैद्याची. जे उरेल ते सावलीत वाळवून पांढऱ्या ताटात पसरा आणि चिमट्याने निवडा, तांदूळ निवडतो तसे. वस्तानचे कितीतरी बारीक दात असे गाळ धुऊनच मिळालेले आहेत. आमच्या घरी हे काम आई करायची. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती.

जबडा किंवा कवटी दिसली तर हात लावू नका. खरंच नाही. पुढचा भाग त्यासाठीच आहे.

सापडल्यावरचा पहिला अर्धा तास

उचलू नका. आधी वही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एकदा गाईच्या जातीच्या जनावराच्या नडगीचं हाड मिळालं, त्यावर चार खळगे, दोन वर, दोन खाली, जबडा मिटल्याचा आकार स्पष्ट. मी आनंदाने ते टॉवेलात गुंडाळलं आणि घरी आणलं. तज्ज्ञांनी भिंगातून बघितलं, मान डोलावली आणि एकच प्रश्न विचारला: "कुठल्या थरातून काढलंत?" गोट्यांच्या की पिवळ्या गाळाच्या, मला आठवेना. दोन्ही थरांच्या वयात मोठं अंतर असू शकतं. ते हाड परत मला मिळालं आणि आज ते फक्त एक सुंदर हाड आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम लांबून एक फोटो, अख्खा कडा आणि नदी दिसेल असा, ज्यात साथीदार त्या जागी बोट दाखवत उभा आहे. मग चार-पाच पावलांवरून, थरांच्या सीमा दिसतील असा. मग जवळून, शेजारी माप ठेवून. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, ते २७ मिलिमीटरचं असतं. फोटोत उत्तर दिशा दाखवणारी काडी ठेवा. फोनवरून अक्षांश-रेखांश घेऊन वहीत हाताने उतरवा, फोन पाण्यात पडतात. तट लिहा: परिक्रमेवाले म्हणतात तसं उत्तर तट की दक्षिण तट. जवळचं कायमचं ठिकाण लिहा, घाट किंवा नाल्याचं तोंड. झाड लिहू नका, झाड पुढच्या पुरात नसेल. थराचं वर्णन साध्या शब्दांत: रंग, कण बारीक की जाड, कंकर आहेत का. जवळच्या थराच्या सीमेपासून हाड किती वर किंवा खाली, ते टेपने मोजून. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द: 'थरात' की 'सुटं'. सुट्या वस्तूला थराची नोंद देऊ नका, अंदाज असेल तर 'बहुधा' असं लिहा.

क्रमांक तिथेच द्या. माझी पद्धत: गावाचं अक्षर, वर्ष, अनुक्रम. ने-१९-०७ म्हणजे नेमावर, २०१९, सातवी वस्तू. हाच क्रमांक वहीत, पिशवीवर आणि पिशवीतल्या चिठ्ठीवर. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने फुटते.

सुटा, पुढच्या पाण्यात वाहून जाईल असा तुकडा शेतमालकाच्या संमतीने उचलावा. थरात रुतलेलं सोडून द्या, उघडं पडलेलं तोंड पातळ मातीने झाका आणि कळवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय भोपाळला आहे. लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेलाही लिहिता येतं. पत्रात तीनही फोटो आणि जागा द्या. तुमच्या अंदाजाला शेवटी एक ओळ पुरे.

तज्ज्ञांबरोबर मोठं हाड काढायची संधी मिळालीच, तर काय होतं ते माहीत असू द्या. हाडाभोवती चर खणून ते मातीच्या चौथऱ्यावर उभं ठेवतात. वर ओल्या कागदाचे थर, म्हणजे प्लास्टर हाडाला चिकटत नाही. मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, मोडलेल्या हाताला बांधतात तशा. वाळल्यावर चौथरा तळातून कापून एका झटक्यात उलटा करतात. त्या क्षणी बोलायचं नाही, सगळ्यांचे हात एकदम हलले पाहिजेत.

घरी आणल्यावर

ओलं हाड उन्हात ठेवलं की संध्याकाळपर्यंत त्याचे सालपटासारखे पापुद्रे सुटतात. सावलीत, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून आठ-दहा दिवस. मऊ ब्रश, लाकडी टूथपिक, हट्टी कंकरासाठी सुई, भिंगाखाली. व्हिनेगर किंवा आम्ल वापरू नका. चुन्याबरोबर हाडही खाल्लं जातं, आणि आधी जातात त्या नेमक्या दातांच्या खुणा.

झटपट चिकटणारे गोंद आणि दोन नळ्यांचे पक्के गोंद टाळा. ते परत सुटत नाहीत, आणि उद्या चुकीचा जोड उघडता येत नाही. संग्रहालयं वापरतात ते पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून. ठिसूळ हाड घट्ट करायला पातळ, शंभराला पाच भाग. तुकडे जोडायला मधासारखं दाट. अ‍ॅसिटोनने ते कधीही सुटतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसची शेगडी लांब. क्रमांक लिहायचा तर बिनमहत्त्वाच्या जागी याच द्रव्याची छोटी पट्टी लावा, वाळल्यावर काळ्या शाईने लिहा, वर पुन्हा एक थर. सेलोटेप दोन पावसाळ्यांत गळून पडते.

ओळख पटवताना

तुलनेला काहीतरी हवं. मोतीसारखा कुत्रा, मांजर, आणि खाटकाकडून उकळून घेतलेला बकऱ्याचा जबडा. शाकाहाऱ्याच्या दाढेवर चंद्रकोरीसारख्या कडा असतात, चघळायला. मांसभक्षकाची दाढ वरून पाहिली तर अरुंद, बाजूने पाहिली तर डोंगराच्या रांगेसारखी. दात नसेल आणि दंडाचं हाड असेल, तर खालच्या टोकाला आतल्या बाजूने सुईच्या नेढ्यासारखं तिरपं भोक आहे का बघा. मांजरकुळात ते असतं, गाय-हरणांत नसतं.

संग्रहालयं बघा, वही घेऊन बघा. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात शिवालिकचे मूळ नमुने आहेत. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यात सुकेतीच्या जीवाश्म उद्यानात खंजीरसुळ्याच्या मार्जारासारख्या प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभे आहेत, मुलांना घेऊन जाण्यासारखे. घरी मांसभक्षकाची कवटी हवीच असेल तर परवानगीने प्लास्टरची प्रतिकृती करून घ्या. माझ्या कपाटात ज्या कवट्या आहेत त्या सगळ्या प्रतिकृती आहेत, आणि शिकवायला त्या मूळ नमुन्यापेक्षा बऱ्या, कारण दहा वर्षांचं पोरही त्या हाताळू शकतं.

नाव ठरवायची घाई करू नका. 'मार्जारकुळातला, जाती ठरलेली नाही' ही प्रामाणिक नोंद आहे. 'चावलेलं हाड, चावणारा बहुधा तरस' ही तर चांगली नोंद आहे.

शेवटी वस्तू द्यायची

महत्त्वाचा तुकडा घरात ठेवू नका. विद्यापीठाला, सर्वेक्षणाला किंवा संग्रहालयाला द्या, पण पोच घेऊनच द्या. पोचेवर तुमचा क्रमांक, त्यांचा क्रमांक, तारीख आणि सही हवी. वहीतल्या त्या पानाची प्रत वस्तूबरोबर द्या आणि पोच वहीच्या त्याच पानाला चिकटवा. दोन वर्षांनी पत्र लिहून विचारा की वस्तू कुठल्या खणात आहे.

माझ्या वहीत ने-१९-०७ च्या पानाला अशी पोच चिकटवलेली आहे. वर नडगीच्या हाडाचं पेन्सिलने काढलेलं रेखाटन, दोन्ही टोकं नसलेलं, मधे तीन खळगे. खाली माझ्या अक्षरात: उत्तर तट, नाल्याच्या तोंडापासून चढावाकडे एकशे दहा पावलं, पिवळा बारीक गाळ, गोट्यांच्या थराच्या वर वीस सेंटीमीटर, थरात.